आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस

आपल्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण झाली. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा कमिटीचा निरोप आला तेव्हा वाटलं, पाण्याच्या टाकीच्या, गणपतीच्या आणि पहिल्या जनरल मीटिंगच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. आपण आपल्या गावच्या एका माणसाबद्दल लिहावं. त्याला कारणही तसंच घडलं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या बिल्डिंगमधल्या सात-आठ मुलांना घेऊन मी भैय्या चौकातलं डॉ. कोटणीस स्मारक बघायला गेलो होतो. तिथून आपण रोज ये-जा करतो. रिक्षावाल्याला खूण म्हणूनही सांगतो. आत मात्र फार थोडे जण गेलेले असतात. मुलांनी फोटो पाहिले, जुनं घर पाहिलं आणि बाहेर आल्यावर त्यातल्या एका सहावीतल्या मुलाने मला विचारलं, की आजोबा, यांचा दवाखाना तर चीनमध्ये होता, मग स्मारक इथे कशाला? मी त्याला तेव्हा घाईत काहीतरी उत्तर दिलं. पण प्रश्न बरोबर होता. घरी आल्यावर तो डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख. त्या मुलासाठी तर आहेच, पण खरं म्हणजे आपल्या सगळ्यांसाठी आहे.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय, भावाबहिणींनी भरलेलं. तेव्हाचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. भोंगा झाला की अर्धं गाव उठायचं. याच गावात ते शिकले, मोठे झाले. ते वीस वर्षांचे होते तेव्हा, म्हणजे १९३० च्या मे महिन्यात, सोलापुरात इंग्रज सरकारने मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. त्या चार हुतात्म्यांचे पुतळे आपण रोज बघतो. कोटणीसांची पिढी त्या काळात तरुण होत होती, हे लक्षात ठेवलं पाहिजे. परक्याने येऊन आपल्या गावावर बंदूक रोखणं म्हणजे काय, हे सोलापूरच्या पोराला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

पुढे ते मुंबईला सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात डॉक्टरीसाठी गेले. आपण ज्याला केईएमचं कॉलेज म्हणतो, तेच. मुलाला मुंबईत ठेवून डॉक्टर करणं त्या काळात मध्यमवर्गीय घराला किती जड होतं, हे वेगळं सांगायला नको. एक मुलगा डॉक्टर झाला की घर मार्गी लागतं, हा हिशेब तेव्हाही होता आणि आजही आहे. डॉक्टरीची पदवी झाली, पुढच्या शिक्षणाची तयारी सुरू झाली. आता चार पैसे घरात येणार, धाकट्यांची शिक्षणं होणार, बहिणींची लग्नं होणार, अशी ती वेळ होती.

नेमक्या त्याच वेळी १९३८ साल उजाडलं. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं होतं. शहरं एकामागून एक पडत होती. जखमींची संख्या अफाट आणि डॉक्टर मूठभर. चिनी सेनापती झू द यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची मदत मागितली. त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशातल्या लोकांना आवाहन केलं. आपला देश स्वतः पारतंत्र्यात होता. तरी लोकांनी पैसे गोळा केले आणि एक वैद्यकीय पथक तयार झालं. त्यात पाच डॉक्टर होते. अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे पथकप्रमुख, ते आधी स्पेनच्या युद्धात जखमींची सेवा करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. विजयकुमार बसू, आणि पाचवे आपले डॉ. कोटणीस.

कोटणीसांच्या घरी चीनबद्दल कुणाला फारसं काही माहीत नव्हतं. त्या काळी गावोगाव चिनी फेरीवाले रेशमी कापड विकायला यायचे. चीनची ओळख साधारण तेवढीच. आता विचार करा, आपल्यापैकी कुणाच्या घरी नुकताच डॉक्टर झालेला मुलगा येऊन म्हणाला, की मी लढाई चालू असलेल्या देशात चाललो आहे, पगार जवळजवळ नाहीच, तर आपण काय म्हणू? मी माझ्यापुरतं खरं सांगतो, मी त्याला जाऊ दिलं नसतं. वडिलांनी, शांतारामपंतांनी, जाऊ दिलं. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाची बोट मुंबईहून निघाली. ठरलेलं होतं साधारण वर्षभराचं. कोटणीस तेव्हा अजून अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

सप्टेंबरातच पथक दक्षिण चीनमध्ये उतरलं आणि तिथून हानको म्हणजे वूहान शहराकडे गेलं. पण ऑक्टोबरात वूहान जपान्यांच्या हाती गेलं आणि पथकाला मागे मागे सरकत चोंगछिंगला यावं लागलं. तिथे या पाहुण्या डॉक्टरांना चिनी नावं मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी हुआ हा शब्द जोडला. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले क दिहुआ. चीनमध्ये आजही ते याच नावाने ओळखले जातात.

पुढचा मुक्काम यानानचा होता. उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात माओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते ठाणं. तिकडे जायच्या आधीच सोलापूरची बातमी कोटणीसांना मिळाली. वडील गेले होते.

इथे जरा थांबावंसं वाटतं. आपल्या सोसायटीत आता निम्म्या घरांतली मुलं बाहेरगावी आहेत. कुणी पुण्यात, कुणी बंगळुरूला, कुणी अमेरिकेत, जर्मनीत. आई-वडील आजारी पडले तर विमानाचं तिकीट काढून चोवीस तासांत येता येतं, आणि तरीही मनात धाकधूक असतेच. कोटणीसांना बातमी मिळाली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. शेवटचं दर्शन नाही, काही नाही. सहकारी म्हणाले, की परत जा, कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही. खरंच कुणी ठेवली नसती. घरात कमावतं माणूस हवं होतं. ज्या वडिलांनी जाऊ दिलं तेच राहिले नव्हते. पण कोटणीस परत फिरले नाहीत. जे काम अंगावर घेतलं ते अर्ध्यात टाकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये पथकाबरोबर यानानला पोचले.

यानानला लोक डोंगराच्या कुशीत कोरलेल्या गुहांत राहायचे, आणि दवाखानेही तसेच असायचे. थंडी अशी, की आपल्या सोलापूरच्या माणसाला कल्पना करता येणार नाही. खायला ज्वारी-बाजरीच्या जातीची भरड धान्यं. भाकरीवर वाढलेल्या माणसाला ते एक वेळ चाललं असेल, पण औषधांचा, भूल देण्याच्या द्रव्यांचा, बँडेजांचा तुटवडा कशाने भरून काढणार? तरीही काम सुरू झालं. ठरलेलं वर्ष हळूहळू सरत आलं. डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी मायदेशी परतले. पुढे डॉ. अटलही प्रकृतीमुळे परतले. यात कमीपणा काहीच नाही. त्यांनी कबूल केलेलं काम केलं होतं. डॉ. बसू आणि डॉ. कोटणीस मागे राहिले.

मला वाटतं, डॉ. कोटणीसांचं खरं मोठेपण इथून सुरू होतं. जायचं हे एकदाच ठरवायचं असतं. त्या वेळी हार-तुरे असतात, बंदरावर गर्दी असते, पेपरात नाव येतं. राहायचं मात्र रोज सकाळी उठून नव्याने ठरवावं लागतं, आणि तेव्हा टाळ्या वाजवायला कुणी नसतं.

१९४० मध्ये ते दोघे आणखी पुढे, अगदी आघाडीजवळच्या वूताई डोंगराच्या भागात गेले. तिकडे जायचं म्हणजे जपानी पहाऱ्याच्या रांगांमधून रात्रीची वाट काढायची. त्या भागात आधी डॉ. नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे नामवंत सर्जन काम करत होते. एका शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांच्या बोटाला जखम झाली, विष रक्तात भिनलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. बेथ्यूनसारख्या सर्जनला बोटाच्या जखमेवर औषध मिळालं नाही, यावरून तिथली परिस्थिती समजते. त्यांच्या नावाने तिथे एक इस्पितळ चालवलं जात होतं. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय असं त्याचं नाव. जानेवारी १९४१ मध्ये त्याचे प्रमुख म्हणून डॉ. कोटणीसांची नेमणूक झाली.

रुग्णालय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इमारत, लिफ्ट, केसपेपरची खिडकी येते. इथे तसं काही नव्हतं. शेतकऱ्यांच्या घरांत, ओसरीवर, देवळात खाटा टाकलेल्या. जपानी फौज गावात येतेय अशी खबर आली, की रुग्ण स्ट्रेचरवर, सामान खेचरांवर आणि सगळे डोंगरात. धोका टळला की पुन्हा नवीन गावात तेच सगळं मांडायचं. १९४० च्या मोठ्या लढाईत जखमींची रीघ लागली होती. आठशेच्या आसपास जखमी त्यांच्या तुकडीकडे आले आणि कोटणीसांनी सलग तीन-तीन दिवस न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असं सांगितलं जातं.

शस्त्रक्रिया हे एक काम झालं. दुसरं काम होतं शिकवण्याचं. तिथे बेथ्यून यांच्याच नावाची वैद्यकशाळाही होती. खेड्यातली तरुण पोरं-पोरी तिथे शिकायला यायची. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, म्हणून कोटणीस चिनी शिकले. नुसतं बोलण्यापुरतं नाही, तर वर्गात उभं राहून शरीरशास्त्र आणि शस्त्रक्रिया शिकवता येईल इतकं. पुढे ते त्याच भाषेत विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तकही लिहू लागले. एक डॉक्टर एका दिवसात किती रुग्ण तपासणार? पण त्याने पन्नास डॉक्टर तयार केले तर तो गेल्यावरही काम चालू राहतं. हे त्यांना नीट उमगलं होतं.

इथेच त्यांची ओळख क्वो छिंगलान यांच्याशी झाली. त्या वैद्यकशाळेत परिचारिकांना शिकवायच्या. थोडं इंग्रजी त्यांना येत होतं, थोडं चिनी यांना येत होतं. १९४१ च्या अखेरीस दोघांनी लग्न केलं. सोलापूरच्या घरातलं कुणीही त्या लग्नाला नव्हतं. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. दोन्ही घरांची नावं एकाच पोराच्या नावात.

त्याच वर्षी जुलैमध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. आपल्यातल्या काहींना हे पटेल, काहींना पटणार नाही. पण चरित्र सांगायचं तर ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या लोकांबरोबर ते उठले-बसले, उपाशी राहिले, त्यांच्यातलेच ते झाले होते.

शरीर मात्र थकत चाललं होतं. अपुरं अन्न, अपुरी झोप, सततची पायपीट. त्यातच त्यांना फिट येऊ लागल्या. अपस्माराचा त्रास होता. आता विश्रांती घ्या, उपचारांसाठी दुसरीकडे जा, असं वरिष्ठांनी सुचवलं. डॉक्टर होते, आपल्याला काय झालंय ते त्यांना इतरांपेक्षा जास्त समजत असणार. तरी ते हलले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी हबेई प्रांतातल्या एका खेड्यात, एकामागून एक फिट येऊन त्यांचं निधन झालं. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. पाठ्यपुस्तकाचं काम अर्धवट टेबलावर.

गावकऱ्यांनी आणि सैनिकांनी त्यांना तिथेच मूठमाती दिली. यानानमध्ये शोकसभा झाली, माओंनी शोकसंदेश लिहिला. सोलापूरच्या घरी मात्र आधी शांतारामपंत गेले आणि आता मुलगाही परत येणार नव्हता. लढाईच्या धामधुमीत तारा-टपालाचा भरवसा नव्हता. त्या घराने ते दिवस कसे काढले असतील, हे ज्याने मुलांच्या फोनची वाट पाहिली आहे, त्याला थोडंफार समजेल.

त्यानंतर त्यांचं नाव मोठं झालं. १९४४ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये डॉ. कोटनीस की अमर कहानी हा चित्रपट काढला. स्वतः शांताराम कोटणीस झाले आणि जयश्रीबाई छिंगलान झाल्या. आपल्या सोसायटीतल्या ज्येष्ठांनी तो नक्की पाहिला असेल. सिनेमा तो सिनेमाच, त्यात कथा थोडी रंगवलेली आहे. पण घराघरात नाव पोचलं ते त्यामुळेच. चीनने आणि भारताने त्यांच्यावर टपाल तिकिटंही काढली.

चीनमध्ये शीज्याच्वांग नावाचं मोठं शहर आहे. तिथल्या हुतात्म्यांच्या स्मृतिउद्यानात एका बाजूला डॉ. बेथ्यून यांची समाधी आहे आणि दुसऱ्या बाजूला आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची. आपल्याकडे जसा पितृपंधरवडा, तसा तिकडे एप्रिलच्या सुरुवातीला पूर्वजांच्या स्मरणाचा छिंगमिंग नावाचा दिवस असतो. त्या दिवशी लोक या समाधीवर फुलं वाहतात. ज्याच्या वडिलांचं शेवटचं दर्शन चुकलं, त्या माणसाला परक्या देशातले लोक आपल्या पितरांबरोबर आठवतात. याहून जास्त काय लिहावं?

यिनहुआची कहाणी मात्र दुःखाची आहे. तोही वैद्यकीय शिक्षण घेत होता. पण १९६७ मध्ये, शिक्षण पूर्ण होत आलेलं असताना, तो गेला. पंचविशीही पुरी झाली नव्हती. छिंगलानबाई पुढे अनेक वर्षं जगल्या. त्या भारतात अनेकदा आल्या, कोटणीस कुटुंबीयांना भेटत राहिल्या. २०१२ मध्ये चीनमधल्या दालियान शहरात त्यांचं निधन झालं. चीनचे मोठे नेते भारतात आले की त्यांनी कोटणीसांच्या बहीण-भावंडांना आवर्जून भेटायचं, असा प्रघातच पडून गेला होता. आणि त्याच २०१२ च्या १ जानेवारीला भैय्या चौकातल्या घराचं स्मारक सर्वांसाठी खुलं झालं.

कुणी म्हणेल, चीनशी आपलं १९६२ चं युद्ध झालं, आजही सीमेवर तणाव असतो, मग हे कौतुक कशाला? हा विचार माझ्याही मनात येऊन गेला. पण कोटणीस कुणा सरकारची चाकरी करायला गेले नव्हते. ज्या देशावर कुणीतरी चालून आलं होतं, त्या देशातल्या जखमी माणसांच्या जखमा शिवायला ते गेले होते. सीमा सांभाळणाऱ्या आपल्या जवानांचा मान ठेवूनही कोटणीसांचा मान ठेवता येतो. एकामुळे दुसरा कमी होत नाही.

आता त्या सहावीतल्या मुलाला उत्तर द्यायचं आहे. बाळा, डॉक्टरांचा दवाखाना चीनमध्ये होता, त्यांची समाधीही चीनमध्येच आहे, हे खरं. पण त्यांना जाऊ देणारं घर इथे होतं. पदवी झालेला, आता हाताशी येणारा मुलगा त्या घराने दुसऱ्यांच्या जखमा शिवायला पाठवला, आणि तो परत आला नाही. समाधी त्यांची असते जे जातात. स्मारक त्या घराचंही असतं, जे जाऊ देतं. म्हणून ते इथे, आपल्या भैय्या चौकात आहे.

पंचवीस वर्षं आपण एका गेटच्या आत राहिलो. पार्किंगवरून भांडलो, गणपतीत एकत्र जेवलो, एकमेकांच्या सुख-दुःखात धावून गेलो. शेजारधर्म आपल्याला माहीत आहे. डॉ. कोटणीसांनी तो हजारो मैलांवर नेऊन पाळला, एवढंच. कमिटीला माझी एक विनंती आहे. दर वर्षी १० ऑक्टोबरला, त्यांच्या जयंतीला, सोसायटीतल्या मुलांना स्मारकात घेऊन जायचं. फार वेळ लागत नाही, सकाळचा एक तास पुरतो. आणि ज्या दिवशी आपल्यापैकी कुणाचा मुलगा किंवा मुलगी घरी येऊन सांगेल, की मला कुठेतरी कठीण जागी काम करायला जायचंय, त्या दिवशी नाही म्हणायच्या आधी शांतारामपंतांची आठवण काढायची.